ओढ

मित्रांनो, गोठ्यामागच्या वाढलेल्या गवतात जो लाकडी सांगाडा दिसतो ना, तो मी. मला खोडा म्हणतात. गाईला सुई टोचायची असो, खूर तासायचे असोत की कानात बिल्ला मारायचा असो, तिला माझ्यात उभं करायचं. पुढच्या दोन खांबांमध्ये तिची मान, दोन्ही अंगांना आडव्या फळ्या आणि मागून एक दांडा. सुताराने मला उभं केलं तेव्हा समाधानाने माझ्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप मी अजून विसरलो नाही.

माझ्याकडे खुशीने कुणीच येत नसे. मला मात्र सगळ्यांचा लळा होता. गाय आत आली की तिच्या अंगाची ऊब फळ्यांत उतरायची आणि बराच वेळ टिकायची.

हे गुरांचं पैदास केंद्र. इथे तीन जातींच्या गाई होत्या. तांबड्या अगदी गरीब, सुई टोचली तरी यांचा रवंथ सुरूच. काळ्या-पांढऱ्या धिप्पाड, पण स्वतःच्या सावलीला दचकणाऱ्या. आणि करड्या, लांब शिंगांच्या, तापट म्हणून नाव काढलेल्या.

एकदा वरून हुकूम आला की कोणत्या जातीचा स्वभाव कसा आहे ते तपासा, आणि जी जात आवरत नसेल ती केंद्रातून काढून टाका. हे काम डॉक्टरीणबाईंकडे आलं. पद्धत सोपी होती. गाय खोड्यात घ्यायची आणि ती किती ओढते ते बघायचं. शांत उभी राहिली तर एक, खोडा मोडायला उठली तर पाच. या मापाला त्यांनी नाव दिलं होतं ‘ओढ’. गुरं सांभाळणाऱ्या मामांना त्या विचारायच्या, “ओढ किती?” आणि मामा दांडा धरून आकडा सांगायचे.

तांबड्या एक-दोनच्या वर गेल्याच नाहीत. मग करडी आली, शिंगाचं टोक मोडलेली, नुकतीच व्यालेली. तिने असा हिसका दिला की माझे खांब मुळापासून करकरले. मामांनी पाच सांगितले, आणि वर कौतुकाने म्हणाले की ही जातच तापट, आमच्या सासूबाईंसारखी. बाई हसल्या. मला हसू येईना. रागावलेलं जनावर चहूकडे धडका देतं, आणि ही एकाच अंगाला ओढत होती, डावीकडे. तिकडे वासरांचा कोंडवाडा होता. तांबड्यांची वासरं जन्मल्या दिवसापासून बाटलीवर वाढत, त्यांना आईची सवय नसे आणि आईला त्यांची. करड्या मात्र वासरू अंगाशी असल्याशिवाय पान्हाच सोडत नसत. तपासणीच्या वेळी सगळी वासरं कोंडून ठेवायची, असा नियम होता.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. बाकीच्या करड्यांचे आकडेही तसेच आले, आणि त्यांना न्यायला गाड्या सांगून झाल्या होत्या.

शेवटच्या फेरीला करडीला पुन्हा आणलं. ती ओढतच होती. तेवढ्यात तिचं वासरू कुंपणाच्या फटीतून निसटलं, धडपडत आलं आणि माझ्या खांबांपुढे उभं राहिलं. करडीने मान खाली घातली आणि त्याला चाटायला लागली. माझ्या फळ्यांवरचा भार एकदम हलका झाला. मामा वासराला हुसकायला धावले.

“राहू द्या, मामा,” बाई म्हणाल्या. “आता सांगा, ओढ किती?”

“एक,” मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “एकसुद्धा नाही, बाई.”

“मग आपण इतके दिवस मोजलं काय?”

बाईंनी गाड्या थांबवायला सांगितल्या आणि वासरं जवळ ठेवून साऱ्या करड्या नव्याने तपासल्या. सगळ्याच काही गरीब निघाल्या नाहीत. एकीने मामांना अशी लाथ घातली की ते आठवडाभर लंगडत होते. पण जात राहिली.

त्यानंतर करड्यांना माझ्यात कोंडणं बंद झालं. वासरू पुढे उभं केलं की त्या उघड्यावरच निमूट सुई घेतात. बाकीच्यांसाठी नवा लोखंडी खोडा आला. माझ्या फळ्या उकलल्या, दांडा कुणीतरी नेला. करडी रोज पाण्यावर जाते ती मला वळसा घालूनच, वासरू पलीकडच्या बाजूला घेऊन. तिने माझ्याकडे का यावं? मी तिला धरूनच तर ठेवलं होतं. तरी ती जवळून गेली की तिच्या अंगाची ऊब आठवते आणि वाटतं, एकदा, मोकळेपणी, तिने इथे अंग टेकावं.

मित्रांनो, तुमच्या हातातून कुणी हिसडे देऊन सुटायला बघत असेल, तर त्याला तापट म्हणायची घाई करू नका. ते कुणीकडे ओढतंय ते आधी बघा, आणि जमलं तर तिकडे जाऊ द्या. मला माझ्या जागेवरून हलता येत नाही, म्हणून माझी ओढ कुणाला दिसत नाही.