पडत्या बाजारातला फोन

बाजार पडला की नानांना बरं वाटायचं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण शेअर दलालाने असं बोलणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण खरं ते खरं. बाजार चढता असला की औषधांच्या दुकानावरच्या त्यांच्या ऑफिसात चिटपाखरूही फिरकत नसे. लोक मोबाइलवर आपापली खरेदी-विक्री करत आणि स्वतःच्या हुशारीवर खूश असत. बाजार कोसळला की तीच मंडळी तोंडं पाडून जिना चढत.

नानांचा एक नियम होता. घाबरून विकायला आलेल्या माणसाने आधी बसायचं, कॉफी प्यायची आणि बाजार सोडून दुसरं काहीतरी बोलायचं. मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं, काहीही. कॉफी संपल्यावरही विकावंसं वाटलं, तर नाना निमूट विकून देत. बहुतेकांना वाटत नसे.

फोनवरच्यांनाही हाच नियम, आणि फोनवरचं म्हणजे मुख्यतः एकच माणूस, त्यांची लेक. ती लांबच्या शहरात नवरा आणि लहान मुलीबरोबर राहायची. नानांची बायको होती तोवर लेकीचा फोन हा बायकोचा प्रांत होता. मायलेकी मनसोक्त बोलत आणि अगदी शेवटी फोन नानांच्या हातात येई. मग "बरी आहेस ना?" "बरी आहे, तुम्ही?" एवढ्यावर गाडी थांबे. बायको गेली आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना. प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम गळ्यापर्यंत होतं, पण ते बोलून दाखवायची सवय घरात एकीलाच होती.

मग एकदा बाजार आपटला आणि लेकीचा फोन आला.

"बाबा, माझे ते शेअर विकू का?"

ते शेअर तिच्या पहिल्या पगारातून नानांनीच घेऊन दिले होते. लग्नानंतर तिने शेअरचं खातं तिकडच्या बँकेत हलवलं, तेव्हा नाना थोडे खट्टू झाले होते, पण बोलले नव्हते. आता मात्र ते म्हणाले, "आधी नियम. बाजार सोडून काहीतरी सांग."

तिने नातीच्या पडलेल्या दाताचं सांगितलं. मग गळक्या नळाचं. मग आईची आठवण निघाली, दोघंही जरा वेळ गप्प बसले, आणि ते गप्प बसणंही नानांना आवडलं. शेवटी ते म्हणाले, "काही विकू नकोस." तेव्हापासून बाजार पडला की तिचा फोन ठरलेला. सकाळी पडद्यावर लाल आकडे दिसले की नाना घसा साफ करून ठेवत.

मागच्या पडझडीत मात्र त्यांनी घोळ घातला. लेक फोनवर स्वतःच म्हणाली, "विकायचं नाही, वाट पाहायची, बरोबर ना?" नानांचा ऊर भरून आला. "शाब्बास," ते म्हणाले, "आता तुला मला विचारायची गरज नाही." त्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं. लेक नुसतं "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नाना दिवसभर खुशीत होते. चांगला शहाणासुरता माणूस, पण कुठे थांबावं ते कळत नाही, त्याला कोण काय करणार.

आणि आता या आठवड्यात बाजार पार झोपला. वर चांदीचा भाव भडकला. जिना सकाळपासून वाहू लागला, पण या वेळी लोकांची तऱ्हाच निराळी होती.

"नाना, सगळं मोडा आणि चांदी घ्या," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, गेल्या वर्षी कुणी फुकट दिली असती तरी ठेवायला जागा नाही म्हणाला असतात."

"गेल्या वर्षी ती वाढत नव्हती."

नानांनी कॉफी पुढे केली. पलीकडच्या खुर्चीत शिलाईवाल्या बाई हसत होत्या. त्यांनी घरातले चांदीचे चमचे मोडून शेअर घेतले होते. "माझ्या हाताचा गुण बघा," त्या म्हणाल्या, "मी जे सोडते ते वाढतं. कुणाला काय वाढवून हवं असेल तर मला घ्यायला लावा आणि मग विकायला लावा."

सगळे हसले. नानाही हसले, पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं. तो वाजायचा आणि दातांचे डॉक्टर चांदीचा भाव विचारायचे. परत वाजायचा, परत कुणीतरी चांदीच. लेकीचा नाही. तिने घाबरून विकून तर टाकले नसतील, असं ते मनाशी म्हणत राहिले. खरं तर शेअरची त्यांना काडीची काळजी नव्हती. त्यांना तिचा आवाज हवा होता. नातीच्या त्या दाताच्या जागी नवा आला असेल, तो कसा आलाय, सरळ की वाकडा, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपण होऊन फोन करावा, तर कारण काय सांगणार? कारणाशिवाय फोन करणं त्यांना जमत नसे. बाईंच्या चमच्यांवरून त्यांना घरच्या कपाटातला चांदीचा पेला आठवला. लेक लहानपणी त्यातून दूध प्यायची. भाव चांगला आलाय, पेला विकू का, असं विचारता येईल. कारण सापडलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी नंबर लावला.

फोन जावयांनी उचलला. "बाबा? सगळं ठीक ना? ती गॅलरीत कपडे वाळत घालतेय, बोलावतो."

"घाई नाही," नाना म्हणाले, आणि उगाच आपली अब्रू राखायला पुढे म्हणाले, "तिला म्हणावं, घाबरून शेअर विकू नकोस."

"कुठले शेअर?"

"तिच्या नावावरचे."

"ते तर आम्ही घर घेतलं तेव्हाच विकले, बाबा. आई होत्या तेव्हा. तुम्हाला ती बोलली नाही?"

पडद्यावरचे आकडे हलत होते, पण नानांना ते दिसेनात. आई होत्या तेव्हा. म्हणजे बायको गेल्यावरचा तो पहिला फोन, आणि नंतरचे सगळे, तिच्याजवळ विकायला काहीच नव्हतं. प्रत्येक पडझडीला ती नसलेल्या शेअरची काळजी घेऊन त्यांच्याकडे येत होती, दात, नळ, आई असं बोलत बसत होती, आणि ते तिला मोठ्या तोऱ्यात सांगत होते, विकू नकोस. आणि मग त्यांनीच तिला सांगितलं होतं, विचारायची गरज नाही. तिच्याकडे असलेलं एकुलतं एक कारण त्यांनी कौतुक करून काढून घेतलं होतं.

"बाबा, काय झालं?" लेक धापा टाकत फोनवर आली. "तब्येत बरी आहे ना?"

पेल्याचं कारण जिभेवर तयार होतं. नानांनी ते गिळलं.

"काही झालं नाही. तुझी आठवण येते म्हणून केला."

पलीकडे तिने नाक ओढलं.

"आज आली?"

"रोज येते."

"मग रोज का नाही केलात हो?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चढत्या बाजाराचे ते सगळे दिवस नानांना आठवले. रिकामं ऑफिस, रिकाम्या खुर्च्या, समोर फोन आणि आपण.

"मला वाटायचं, तू कामात असशील," ते म्हणाले.

"मलाही तुमच्याबद्दल तेच वाटायचं," लेक म्हणाली.