बावीस नावांची सहल

सोसायटीच्या गोदामात त्या वर्षी खताची पोती आलीच नाहीत, म्हणून आमच्या नवयुवक मंडळाला बैठकीसाठी जागा मिळाली. रिकाम्या गोदामाला एक वेगळाच आवाज असतो. बोललेला शब्द पत्र्याला जाऊन लागतो आणि थोडा उशिरा, थोडा परका होऊन आपल्याकडे परततो. सत्याऐंशीचा चैत्र होता, दुष्काळाचं तिसरं वर्ष. टँकर एक दिवसाआड यायचा आणि तो आला की बैठक आपोआप मोडायची.

मी बद्रीनाथ, मंडळाचा सचिव. अंबाजोगाईहून बी. ए. होऊन परतलो होतो आणि गावाला काहीतरी दाखवावं, या एका विचारानं झपाटलो होतो. नगर जिल्ह्यात एका आडगावच्या लोकांनी डोंगरउतारावर दगडी बांध घालून ओघळी अडवल्या होत्या आणि तिथल्या विहिरींना वैशाखातही पाणी होतं, असं मी वाचलं होतं. आमच्याही गावाला डोंगर होता, दगड होते. ते गाव आपल्या तरुणांनी डोळ्यांनी पाहावं, एवढीच माझी इच्छा. तिला मी ‘शैक्षणिक सहल’ असं नाव दिलं, कारण सोसायटीच्या शिक्षण निधीतून पैसे मिळवायचे तर अर्जात तोच शब्द लागत होता.

अंदाजपत्रक मी तीनदा लिहिलं. एसटीची चव्वेचाळीस आसनांची गाडी दोन दिवस करारावर, अठ्ठावीसशे रुपये. एक वेळचं जेवण माणशी पाच, चहा माणशी दोन. बाकीच्या भाकरी घरून. सोसायटीचे दोन हजार, आणि चाळीस जणांची प्रत्येकी तीस रुपये वर्गणी. शेवटी ब्याण्णव रुपये उरत होते, ते मी ‘अडीनडीसाठी’ म्हणून लिहिले. पाण्याचा खर्च मात्र लिहिला नाही. पाणी ज्याचं त्यानं आणायचं होतं.

गावातले अठरा जण मीच गोळा केले. माळावरच्या वस्तीतली नावं आणायचं काम सिदूकडे होतं. वस्तीतली बहुतेक घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जात आणि चैत्रात परतत. सिदू त्यांच्यातलाच, सातवीपर्यंत शिकलेला, मुकादमाच्या वह्या लिहिणारा. त्यानं बावीस नावं आणली आणि वर्गणीही आणली.

“बावीसच्या बावीस?” मी विचारलं.

“मंग. तुला काय वाटलं बे, आमाला पानी बघायला आवडत न्हाई?”

उरलेली चार आसनं सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी आपल्या माणसांसाठी मागून घेतली. मला ते आवडलं नव्हतं, पण ठरावावर शिक्का त्यांचाच बसायचा होता. चव्वेचाळीस आकडा पुरा भरला. पुऱ्या भरलेल्या आकड्यात एक समाधान असतं आणि त्या समाधानात मी आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी वत्सलाबाई गोदामात आल्या. सोबत त्यांचा नवरा आसाराम, दाराशीच उभा. वत्सलाबाई तिशीच्या असतील. त्यांच्या बोटांची टोकं दगडांनी सोललेली होती. वस्तीच्या वर, ओघळीच्या तोंडाशी त्यांचं तीन एकर उताराचं रान होतं आणि त्या ओघळीत त्या एकट्याच बांध रचत असत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सलग दोन वर्षं तो बांध फुटला होता. दुष्काळाच्या वर्षातही एखादा ढग डोंगरावर असा कोसळतो की घटकाभरात ओघळ भरते, आणि दोन्ही वेळा बांधाबरोबर कोपरभर माती वाहून गेली होती.

“भाऊ, गाडी किती वाजता निघणार?” त्यांनी विचारलं. “आन् आमी बाया म्होरं बसायच्या का मागं?”

मला प्रश्नच कळला नाही. मी सिदूकडे पाहिलं. सिदू जमिनीकडे पाहू लागला.

“बाया?” मी म्हणालो.

“मंग? वर्गणी दिलीय की आमी.”

तेव्हा उलगडलं. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाच्या वहीत एका ओळीत मावतं. ओळीत नाव नवऱ्याचं; उचल एक, हिशोब एक. बायकोचं नाव लिहीत नाहीत. ती त्या ओळीत धरलेलीच असते. सिदूनं तशीच यादी केली होती, कारण त्याला दुसरी यादी येत नव्हती. वस्तीनं तशीच वर्गणी दिली होती, तीस रुपयांत दोघं. आणि मी, ज्यानं ही पद्धत लहानपणापासून पाहिली होती, त्या बावीस ओळींत बावीस माणसं मोजून मोकळा झालो होतो. माझ्या मनातल्या गाडीत बायका कधी चढल्याच नव्हत्या.

“बावीस जोडपी म्हंजी चव्वेचाळीस,” सिदू हळूच म्हणाला. “त्यांचीच गाडी भरतीय.”

“दुसऱ्या गाडीला पैसे नाहीत,” मी म्हणालो.

वत्सलाबाई एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, “सगळ्या बाया नगं. पर मला जायचंय. माझा बांध एकाच जागी फुटतोय. पानी वरून जातंया, त्येला मी बाजूनं वाट करून दिली, तरी फुटतोय. त्या लोकांचा सांडवा कसा हाय तेवढं मला बघू द्या. औंदा गेला तर रानात खडकच उरंल.”

“त्यांनी पाहिलं तर नाही का चालणार?” मी आसारामकडे हात केला.

“मी बघतो की,” आसाराम म्हणाला. “आन् गाडीभर गड्यांत एकटी बाई कशी बसंल? लोकं काय म्हनतील, आसारामला घरात कुनी इचारत न्हाई.”

“आत्ता तरी कोन इचारतंय,” वत्सलाबाई म्हणाल्या. सिदू हसला. आसारामही हसला, आणि त्या हसण्यात तो विषय जणू मिटल्यासारखा झाला.

मी सुंदररावांकडे गेलो. चार आसनं परत मिळाली तर चार बायका जाऊ शकतील. मग कोणी एकटी राहणार नाही. सुंदरराव ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बद्री, दोन हजार कुनी दिले?”

“सोसायटीनं.”

“मंग सोसायटीची चार मानसं गाडीत नसावीत का? तूच सांग.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला उलट बोलता आलं असतं. मी नमस्कार करून उठलो. उन्हात चालताना मी स्वतःला समजावत होतो की चव्वेचाळीस माणसं जात आहेत, एक राहिल्यानं सहल थांबत नाही. हे वाक्य बरोबर होतं. त्यातला ‘एक’ हा शब्द तेवढा खरा नव्हता. मी मागे ठेवल्या होत्या बावीस जणी, आणि त्यांतल्या फक्त एकीला काय पाहायचं आहे ते नेमकं ठाऊक होतं.

संध्याकाळी वस्तीवर जाऊन मी वत्सलाबाईंना म्हणालो, “सांडव्याचं सगळं मी लिहून आणतो. चित्र काढून आणतो.”

“बघा बरं,” त्या म्हणाल्या. “इसरू नगा.”

वैशाखात आम्ही निघालो. बीड मागे पडलं. दोन्ही बाजूंना रानं अशी पडली होती, की जणू कोणी त्यांच्यावरून बोळा फिरवून अक्षरं पुसून टाकावीत. दुपारी त्या गावात पोचलो. तिथले एक वयस्कर गृहस्थ आम्हाला डोंगराकडे नेणार होते. वाटेत विहीर लागली.

तिच्यात पाणी होतं. पाच पायऱ्या उतरल्या की हात बुडेल इतकं वर. हिरवट, जाड, स्वतःच्या वजनानं स्थिर झालेलं पाणी. आमची रांग आधी रेंगाळली, मग मोडली. कोणी ओंजळी भरल्या, कोणी नुसतेच पायरीवर पाय सोडून बसले. आसारामनं डोक्याचं मुंडासं सोडून पाण्यात बुडवलं आणि तोंडावर धरलं, कितीतरी वेळ. सुंदररावांच्या चौघांनी कपडे काढून उड्या टाकल्या. ते गृहस्थ “बांध बघून येऊ, मग बसा” असं दोनदा म्हणाले आणि मग, काहीतरी ओळखल्यासारखे, तेही पायरीवर टेकले.

मीही बसलो. ते पाणी काही मागत नव्हतं. त्याच्याकडे पाहताना तीन वर्षांत आत कुठेतरी आवळत गेलेली एक मूठ सैल होत होती. ऊन कलल्यावर आम्ही डोंगरावर गेलो. अंधार पडायच्या आत खाली उतरायचं होतं. पहिल्या बांधावर गृहस्थांनी आकडे सांगितले: लांबी, रुंदी, खर्च, किती विहिरी वाढल्या. मी ते सगळे लिहून घेतले. सांडवा मी बांधावर उभा राहून पाहिला. सहा फूट रुंद, डाव्या अंगाला. त्याचं चित्र काढलं. पुढच्या दिवशी सकाळी गाडी परतीला लागली.

गावात आलो त्याच दुपारी वही घेऊन ओघळीवर गेलो. वत्सलाबाई दगड रचत होत्या. त्यांनी आधी आसारामला विचारलेलं होतंच.

“ह्यांनी तर इहीर सांगितली नुसती,” त्या म्हणाल्या. “आल्यापून इहीरच चाललीय.”

“पानीच तसं व्हतं,” आसाराम म्हणाला. तो खाली सावलीत बसला होता, आणि त्याच्या आवाजात खोटेपणा अजिबात नव्हता.

मी चित्र पुढे केलं. त्यांनी ते उलट-सुलट करून नीट पाहिलं. बोटानं सांडव्याची रेघ धरून बोट खाली आणलं, जिथे माझी रेघ संपत होती तिथपर्यंत.

“आन् हितं?”

“कुठं?”

“पानी सांडव्यातून खाली पडतं, तितं. तितं काय टाकलंय त्यांनी? माझा बांध वरून न्हाई फुटत, भाऊ. पानी खाली पडून बुडाशी खड्डा पाडतंया, आन् मंग दगूड निसटतेत. त्या लोकांनी तितं मोठं दगूड अंथरलेत का पायऱ्या केल्यात?”

मी वही उघडली. लांबी होती, रुंदी होती, खर्च होता, माणशी चहाचे दोन रुपये होते. सांडव्याच्या खाली मी उतरलोच नव्हतो. आमच्यापैकी कोणीच उतरलं नव्हतं.

“पाहिलं नाही,” मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. हातातला दगड त्यांनी रचल्या जागी ठेवला, हलवून पाहिला, पुन्हा काढला आणि फिरवून ठेवला. मग पदराला हात पुसले.

“तितं जायला साधी गाडी कुठून हाय?”

“एकट्या कशा जाणार?”

“भामाबाईला नेते संगं. तिचं बी रान माज्या खालीच हाय. माझा फुटला की तिचं जातंय.”

“आन् भाकरी कोन थापील?” सावलीतून आसारामनं विचारलं.

“पानी बघून पोट भरलंय म्हनत व्हते की.”

मी दुसऱ्या दिवशी सायकलवर वडवणीला गेलो. स्टँडवर टाइमटेबलचा फळा होता, पण त्यातल्या तीन गाड्या बंद होत्या. म्हणून कंट्रोलरच्या खिडकीशी उभा राहून एकेक वेळ विचारली. परतल्यावर ओघळीत उकिडवा बसून त्यांना सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. भामाबाईही येऊन बसल्या. मी तीनदा सांगितलं आणि मग वत्सलाबाईंनी ते डोळे मिटून मला परत ऐकवलं: सकाळी सव्वासहाला वडवणीहून बीडची गाडी. बीडला उतरून, नळाच्या बाजूच्या फलाटावर नगरची लाल गाडी, साडेआठला. नगरच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं.

“फाट्यापासून पुढं गाडी नाही,” मी म्हणालो. “सात किलोमीटर आहे.”

“ते चालायचं झालं,” त्या म्हणाल्या. “तुमी तिकिटाचं सांगा. दोघींचं.”

मी सांगितलं. भामाबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं आणि मान हलवली. मग दोघी उठल्या, कारण ऊन उतरणीला लागलं होतं आणि निघण्याआधी मधला थर पुरा करायचा होता.