डाव्या दाराची तार

बाप गेला आणि त्याची जुनी कोरोला दोघांच्या नावावर राहिली. मुसोंडा आणि तिचा थोरला भाऊ चिलेशे. एक आठवडा तिचा, एक त्याचा. दर रविवारी आईच्या फाटकापाशी गाडीची अदलाबदल व्हायची. तेवढीच त्यांची भेट, आणि तीही भांडणाशिवाय पार पडत नसे.

मुसोंडा जुन्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन किट्वे शहरातून म्पोंग्वेच्या बाजूच्या गावांत विकायला जायची. रस्ता लांबचा आणि ती एकटी. दारांमधल्या स्पीकरांचे कागद फाटले होते. गाणं लावलं की डब्यात माशा कोंडल्यासारखा आवाज यायचा. बाजारामागे मुबिता नावाचा माणूस गाड्यांचे स्पीकर बसवायचा. सहाशे क्वाचा घेऊन ती त्याच्याकडे गेली.

"एवढ्यात काय होईल?"

"ताई, होईल. ठोकलेल्या गाडीतले चांगले स्पीकर आहेत माझ्याकडे, कमी ताकदीत मोठं बोलणारे. अँप्लिफायर विसरा. उरलेले पैसे दारावर घालू."

"दारावर?"

"दार म्हणजे पत्र्याचं पिंप. भोकं बुजवली नाहीत तर सोन्याचा स्पीकरही रडेल."

त्यानं दाराची आतली पॅनलं काढली. छपराची गळती थांबवायला लावतात ती डांबरी चिकटपट्टी पत्र्यावर दाबून बसवली, प्लायवुडच्या कड्या कापून स्पीकर पक्के केले. मग गाणं लावलं. ढोलाचा ठोका थेट मुसोंडाच्या पोटात बसला. म्पोंग्वेला जाताना ती त्या दिवशी इतकं मोठ्यानं गायली, की परत येईपर्यंत घसा बसला.

रविवारी चिलेशेनं दार उघडलं आणि पॅनलवर हात फिरवला.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"माझ्या पैशांनी केलंय."

"गाडी काय तुझ्या एकटीच्या बापाची आहे?"

"माझ्याच बापाची. तुझाही तोच होता म्हणे!"

आई मध्ये पडली नसती तर हातघाईवर आलं असतं. चिलेशे खाणीत वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता, आता घरी होता. तो किल्ली घेऊन गाडीत बसला आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी गाडी तिच्याकडे आली आणि तिनं गाणं लावलं. आवाज होता, पण पोकळ. ढोल गायब. गाणाऱ्या बाईचा आवाज कुठून येतोय तेच कळेना. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी सकाळीच ती मुबिताच्या दारात उभी.

"चोरा! आठ दिवसांत माल मेला तुझा!"

चार गिऱ्हाइकं बघत होती. मुबिताचा चेहरा पडला. त्यानं दोन्ही पॅनलं उतरवली, टॉर्चचा एक सेल घेतला आणि उजव्या स्पीकरच्या तारांना टेकवला. कागद टप्पकन बाहेर आला. तसाच सेल त्यानं डाव्या स्पीकरच्या तारांना टेकवला. कागद आत गेला.

"ताई, डाव्या दाराच्या तारा उलट्या जोडल्यात. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं एकमेकांना खातात."

"म्हणजे तूच चुकलास."

"ही पट्टी माझी नाही." त्यानं तारेवरची काळी पट्टी दाखवली. घट्ट, सरळ, टोक दुमडलेलं. "तुटत काही नाही, जळत काही नाही, नुसती मजा मरते. ज्याला कळतं त्यानंच केलंय हे."

टोक दुमडायची ती भावाची खोड मुसोंडानं ओळखली. मुबिताची माफी मागायचंही तिला सुचलं नाही. तारा सुलट झाल्या आणि ती थेट चिलेशेच्या घरी गेली.

तो मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाचे घास मोडत होता, पुढ्यात तळलेली सुकी मासळी होती. त्यानं मान वर केली नाही.

"तारा तू फिरवल्यास."

"फिरवल्या."

"का?"

"तुला माज आला होता, म्हणून."

त्याची बायको चोला दारातून म्हणाली, "वन्सं, त्यांना गाणं धड ऐकूच येत नाही. खाणीतल्या सुरुंगांनी कान गेलेत. डावा पूर्ण, उजवा अर्धा. दोन वर्षं झाली."

"तू गप बस!" चिलेशे ओरडला.

हे मुसोंडाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. पण कीव येण्याआधी रागच आला.

"तुला ऐकू येत नाही, म्हणून मीही ऐकायचं नाही?"

"नाही ऐकायचं." आता त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मी त्या गाडीत बसतो तेव्हा नुसतं दार थरथरतं. तेवढंच मला कळतं. जा, सुलट कर. मी परत उलट करीन."

"कर. सेल माझ्याकडेही आहे."

त्यानं खरंच केलं, आणखी दोनदा. दोन्ही वेळा मुसोंडानं स्वतः पॅनल काढून दहा मिनिटांत तारा फिरवल्या. मग मामा मध्ये पडला. चिलेशेनं आपला अर्धा वाटा विकायला काढला, आणि किंमत अशी सांगितली की मामालाच लाज वाटली. मुसोंडानं घासाघीस केली नाही. वर्षभर निम्मेच गठ्ठे घेतले, पण त्याचा वाटा फेडला.

कागदांवर सह्या करताना चिलेशे मामाला म्हणाला, "तिला सांग, माझ्या गल्लीतून जाताना काचा वर ठेव म्हणावं."

मुसोंडा समोरच बसली होती. "त्याला सांग, त्याला काय फरक पडतो?"

मामानं दोघांना बोटानं सहीची जागा दाखवली.

चिलेशेची गल्ली तिच्या वाटेवर नाही. तरी ती म्पोंग्वेला जाताना तिकडून वळते, काचा खाली करून. त्याला ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक आहे. शेजाऱ्यांना येतं.