‘झालं’ म्हटल्यानंतर

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. फोटो स्टुडिओतलं, गोल बैठकीचं, फिरतं. सुताराने मला घडवलं, लोहाराने मधला लोखंडी आटा बसवला आणि पाठ लावायची दोघेही विसरले, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. नंतर कळलं, फोटोवाल्यानेच तसं सांगितलं होतं. टेकायला मिळालं की माणूस सैलावतो, आणि त्याला ताठ माणसं हवी होती.

फोटोवाला बोलायला मऊ, पण शिस्तीचा कडक. “मान वर. हनुवटी खाली. हलू नका... झालं!” दिवसभर हेच. ‘झालं’ कानावर पडलं की माणूस श्वास सोडायचा, खांदे उतरायचे आणि त्याचं खरं वजन माझ्यावर यायचं.

त्याची मुलगी ढमी शाळेतून आली की माझ्यावर बसून गरगर फिरायची. आटा झिजतो म्हणून बापाने तिच्या हातात एक जुना कॅमेरा दिला. कटकट मिटली, असं त्याला वाटलं. ढमी त्याच्या शेजारी उभी राहायची आणि तो ‘झालं’ म्हणाला की मग बटण दाबायची.

तिचा रोल धुतल्यावर बापाने कपाळाला हात लावला. “अगं, सगळ्यांचे खांदे पडलेत! हा डोळे चोळतोय, ही जांभई देतेय. रोल काय फुकट येतो?”

“पण बाबा, ते असेच दिसतात,” ढमी म्हणाली.

ती कॉलेजात असताना एकदा बाप तापाने फणफणला आणि स्टुडिओ तिच्यावर येऊन पडला. एक शिवणकाम करणाऱ्या बाई पासपोर्टच्या फोटोसाठी आल्या. ढमीने सवयीने आधी ‘झालं’ म्हटलं आणि मग फोटो काढला. कचेरीने तो परत पाठवला, कारण बाई त्यात खुदकन हसत होत्या. बापाने तिचा कॅमेरा कपाटात कुलूपबंद केला आणि बाईंना पुन्हा माझ्यावर ताठ बसवलं.

जाताना बाई म्हणाल्या, “ते हसरे फोटोही द्या. कचेरीला नकोत तर नकोत, मला हवेत.”

संध्याकाळी बापाने कपाटाची किल्ली ढमीपुढे ठेवली.

पुढे ढमी कलाशाळेत गेली. मासिकांत तिचे फोटो येऊ लागले, नाव झालं. इकडे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, स्टुडिओ बंद पडला आणि माझ्यावर रंगाचे डबे बसले. मला वाईट वाटायचं. डबे कधी श्वास सोडत नाहीत.

मग ढमी मला न्यायला आली. तिचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्यासाठी तिने किती माणसं माझ्यावर बसवली! सगळे फोटो ‘झालं’ नंतरचे. शेवटची एक जागा तिने बापासाठी ठेवली होती. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही धड फोटो नव्हता, आणि आता तो फार थकला होता. हा फोटो तिला काहीही करून हवा होता.

तो इस्त्रीचा सदरा घालून बसला.

“झालं, बाबा.”

तो हलला नाही. “मला शिकवतेस होय?”

तिने पुन्हा पुन्हा ‘झालं’ म्हणून पाहिलं. बाप वस्ताद, खांदा तसूभरही उतरला नाही. शेवटी तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला वळली.

तेव्हा त्याने श्वास सोडला. पाठ वाकली, हात मांडीवर गळून पडले आणि सगळं वजन माझ्यावर आलं. तो इतका दमला असेल, हे मलाही ठाऊक नव्हतं. ढमीने मागे वळून पाहिलं. कॅमेरा तिच्या हाताशीच होता. ती जवळ आली, खाली बसली आणि त्याच्या बुटांचे बंद सोडू लागली.

प्रदर्शनात ती जागा रिकामी राहिली.

मित्रांनो, माझ्या आट्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडा. मला उगाच गरगर फिरवू नका. आणि कुणी दमून माझ्यावर टेकलं, तर त्याला थोडा वेळ नुसतं बसू द्या.