पुढून जर्मन, मागून मराठी

मी निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानांची एक वही. माणसांनी लिहायचं आणि आम्ही गप्प राहायचं, हा आम्हा वह्यांचा रिवाज. तो मी आज मोडतेय. माझ्यात दोन माणसांनी दोन टोकांकडून लिहिलं. का लिहिलं, ते त्या दोघांनी कुणाला फारसं सांगितलं नाही, आणि मला मात्र सगळं ठाऊक आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला आठवतं ते मीरा रोड स्टेशनजवळचं स्टेशनरीचं दुकान. तिथे मी गठ्ठ्यात तिसरी होते. एका दुपारी पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी आली आणि म्हणाली, "भैया, लंबी वाली नोटबुक दिखाओ. पन्ना मोटा चाहिए, पेन पीछे छपना नहीं चाहिए." दुकानदाराने वरच्या दोन बाजूला सारून मला पुढे केलं.

तिचं नाव कॅरेन. वय सव्वीस. मीरा रोडच्या एका खाजगी हॉस्पिटलात ती नर्स होती आणि राहायला उत्तनला. ड्युटी संपली की आठवड्यातून तीनदा ती मला घेऊन सिल्व्हर पार्कमधल्या एका इमारतीत जायची. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल, भिंतीवर पांढरा फळा, प्लास्टिकच्या बारा खुर्च्या. शिकवणाऱ्या इशिता मॅडम. शिकायचं होतं जर्मन.

कॅरेनला जर्मनीत नर्स म्हणून जायचं होतं. तिच्याबरोबरच्या दोघी गेल्या होत्या. पण तिथल्या पेशंटशी बोलता आलं पाहिजे, त्यासाठी परीक्षा, आणि परीक्षेच्याही पायऱ्या. कॅरेन सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती.

माझ्या पहिल्या पानावर तिने लिहिलं, 'इश हाइसे कॅरेन.' माझं नाव कॅरेन. त्याखाली तेच रोमन लिपीत. एवढं लिहून तिने पेन बाजूला ठेवलं आणि त्या ओळीकडे खूप वेळ बघत बसली, आपलीच कुणीतरी नव्याने ओळख करून दिल्यासारखी.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की जर्मनमध्ये वस्तूंना तीन लिंगं असतात, डेर, डी आणि डास. वर्गातली इंग्लिश मीडियमची मुलं हवालदिल झाली. मॅडम हसल्या. "अरे, मराठीत नाही का? तो, ती, ते. ज्यांना मराठी येते त्यांनी घाबरायचं काम नाही." कॅरेन खूश झाली. ती खुशी दोन दिवस टिकली. मग कळलं, की लिंगं तीन असली तरी वाटप वेगळं आहे. मराठीत टेबल 'ते', जर्मनमध्ये टेबल 'तो'. चंद्र तिथेही 'तो', पण सूर्य चक्क 'ती'.

ही बातमी तिने घरी सांगितली तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. ओट्यावर जाळं विणत बसलेले डॉमनिक, म्हणजे तिचे वडील, हातातली सुई थांबवून म्हणाले, "सूर्य बाई? तरीच दुपारचा चटका असा लागतो!"

डॉमनिकनी पस्तीस वर्षं दर्यावर काढली होती. बोटीवर तांडेल होते ते, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात आणि सात-आठ माणसांचा जीवही. आता गुडघे दुखतात म्हणून घरीच जाळी दुरुस्त करायचे. कॅरेनची आई सबीना भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासळी विकायची. आवाज खणखणीत. समोरचा वाक्य सुरू करायचा आणि सबीना ते संपवून मोकळी व्हायची.

रोज संध्याकाळी डॉमनिक मला हातात घ्यायचे आणि कॅरेनची उजळणी घ्यायचे. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण कॅरेन उच्चार देवनागरीत लिहायची. तेवढं त्यांना पुरे होतं.

"मासा?"

"डेर फिश."

"होडी?"

"डास बोट."

"डास तर डास. खाडीच्या बाजूला घर हाय, कमी न्हाय आपल्याला," ते म्हणायचे, आणि दोघं हसायची.

एकदा कॅरेन फोनवर मैत्रिणीबरोबर सराव करत होती. सारखं 'या, या' चाललेलं. डॉमनिकनी दोनदा दाराकडे पाहिलं. "कोनाला बोलावतंस गो बाय?"

"पप्पा, 'या' म्हनजे हो."

"आनि लिवतात कसा?"

"लिवतात 'जा'. वाचतात 'या'."

"मंग मानसानं यायचं का जायचं?"

सबीना आतून ओरडली, "जेवायला यायचं!"

वर्गात मात्र कॅरेनची वेगळीच कथा होती. लिहिताना ती चुकायची नाही. बोलायला उभी राहिली की अडकायची. शब्द जिभेवर आला नाही की ती घाईघाईने इंग्लिश बोलून मोकळी व्हायची, नाहीतर 'सॉरी मॅडम' म्हणून खाली बसायची. मॅडम म्हणायच्या, "कॅरेन, गप्प राहिलीस तरी चालेल, पण बसू नकोस. शब्द शोधत असलेला माणूस गप्प नसतो गं." कॅरेन मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा बसायची.

मग तो फेब्रुवारीतला रविवार आला. चर्चमधल्या मिस्साहून सगळे परत आले होते. ओट्यासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. डॉमनिकनी मला उजव्या हातात धरलं होतं. भाजीपाल्याचं पान चाललेलं. "कांदा?" त्यांनी विचारलं. कॅरेनने सांगितलं. पुढचा शब्द होता 'बटाटा'. त्यांनी तो वाचला, पण तोंडातून निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. कॅरेनला वाटलं, ते थट्टा करतायत. मला तसं वाटलं नाही. मी त्यांच्या बोटांत होते आणि ती बोटं एकेक करून सैल होत होती. मी फरशीवर उघडीच पडले.

कॅरेनने वर पाहिलं. वडिलांच्या ओठाचा एक कोपरा खाली आला होता. त्या क्षणी ती मुलगी राहिली नाही, नर्स झाली. "मम्मी, रिक्षा! आत्ताच्या आत्ता!" मला कुणी उचललं नाही. दार उघडं टाकून सगळे गेले. वाऱ्याने माझी पानं फडफडत राहिली.

डॉमनिक सतरा दिवसांनी घरी आले. अर्धांगाच्या झटक्यातून जीव वाचला होता. उजवा पाय ओढत का होईना, चालत होते. उजवा हात मांडीवर पडून असायचा. पण शब्द गेले होते. सगळं समजत होतं, डोळ्यांत सगळं दिसत होतं, फक्त ओठापर्यंत पोचत नव्हतं. वादळात बोटीवरून ज्यांचा आवाज पलीकडच्या बोटीला ऐकू जायचा, ते पाणी मागायला ग्लासकडे बोट दाखवू लागले.

कॅरेनने वर्ग सोडला. मला तिने कपाटावर, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीशेजारी ठेवलं. तिथून मी खालचं घर बघायची. सबीना प्रेमापोटी सगळं आधीच ओळखायची. डॉमनिकनी तोंड उघडलं की "चाय? देऊ? पानी? मुतायला?" एकापाठोपाठ एक. डॉमनिक डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच सोडलं.

वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं बोलवून घ्या, चित्रं दाखवा, आणि मुख्य म्हणजे त्यांचं वाक्य तुम्ही संपवू नका. एका सकाळी कॅरेन खुर्चीवर चढली आणि मला खाली काढलं. पुढची पानं जर्मनने भरलेली होती. तिने मला उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं. एक पेला काढला, खाली लिहिलं, 'पाणी'. मग मीठ, चहा, जाळं. तिची चित्रकला यथातथाच. जाळं चाळणीसारखं दिसत होतं.

"सावकाश, पप्पा. घाई न्हाय."

पहिल्या दिवशी 'पाणी' यायला चार मिनिटं लागली. मी मोजली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती चार मिनिटं कॅरेनने आपले ओठ घट्ट मिटून काढले. 'पा' आला, गेला, परत आला. आणि मग 'पानी', पूर्ण. डॉमनिक घामाने भिजले होते.

पुढे शब्द येऊ लागले, पण पुष्कळदा भलतेच. एकदा कॅरेनने आईचा फोटो दाखवला. "ही कोन?" डॉमनिकनी खूप शोधलं आणि ठामपणे सांगितलं, "टोपली."

सबीना दारात उभी होती. "एकतीस वर्सं संसार केला, आनि मी टोपली?" म्हणत ती हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावून मोरीत गेली. डॉमनिकना चूक कळली होती. कळत होतं आणि दुरुस्त करता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने मला जोरात ढकललं. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

एका रविवारी इशिता मॅडम बसने उत्तनला आल्या. त्यांनी मला हातात घेतलं, सवयीने पुढून उघडलं आणि मग मागून. चाळणीसारखं जाळं पाहिलं, पानोपानी चित्राकडून शब्दाकडे काढलेल्या बाणाच्या खुणा पाहिल्या.

"ह्यांना किती वेळ देतेस एका शब्दाला?" त्यांनी विचारलं.

"लागेल तेवढा."

"आणि स्वतःला?"

कॅरेनने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"तू अर्धा सेकंद थांबत नव्हतीस गं. लगेच बसायचीस. ये परत. मी तुझं नाव पटावरून काढलेलं नाही."

ती परत गेली. सकाळी माझी मागची पानं, संध्याकाळी पुढची. वडील 'भाकरी' शिकत होते तेव्हा मुलगी 'ब्रोट' शिकत होती. मधली कोरी पानं दोन्हीकडून कमी होत गेली. सिल्व्हर पार्कमध्ये कॅरेन आता अडखळली तरी उभी राहायची. मुलं चुळबुळ करायची, खुर्च्या वाजायच्या. ती शब्द येईपर्यंत थांबायची आणि तो बहुतेक वेळा यायचा.

मुंबईला परीक्षा झाली तेव्हा मी बाहेर पिशवीत होते, त्यामुळे आत काय घडलं ते मी पाहिलं नाही. घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं ते ऐकलं. "तोंडी परीक्षेत अडकले, पप्पा. पूर्ण ब्लँक. मग मनात बोलले, पानी यायला चार मिन्टं लागली होती. राहिले शोधत. परीक्षा घेनारी बाई पन थांबली."

ती पास झाली. पुढच्या दोन पायऱ्याही चढली, त्यासाठी तिने नव्या वह्या घेतल्या. आणि मग जर्मनीतल्या एका गावाच्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र आलं.

घरात आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पत्र टेबलावर, मी त्याच्या शेजारी. कॅरेन म्हणाली, "मी न्हाय जात. पप्पांना कोन बघंल?"

सबीना म्हणाली, "मी काय मेली का?" पण तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. तिलाही मुलगी जायला नको होती, आणि तसं म्हणायचंही नव्हतं.

डॉमनिकनी डावा हात वर केला. दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"मी…" ते म्हणाले. पुढचा शब्द येईना. सबीनाने तोंड उघडलं आणि मिटलं. "मी… तांडेल." पुन्हा शोध. "तू… पोटात. सबीना… घरी. मी… दर्यावर." श्वास घेतला. "गेलो. रडलो… पन गेलो."

त्या दिवशी ते सबीनाला सबीना म्हणाले, हे बहुतेक माझ्याच लक्षात आलं. त्या दोघींना त्यावेळी काही दिसत नव्हतं.

कॅरेन ऑक्टोबरात गेली. नव्या वह्या नेल्या, मला वडिलांकडे ठेवलं. आता डॉमनिक डाव्या हाताने माझ्यात लिहितात. अक्षरं वाकडी, काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझे कोपरे मऊ पडलेत, शिवण सुटत आलीय.

गेल्या आठवड्यात कॅरेनचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, सुरुवातीला फार जड गेलं. तिथल्या नर्स भराभर बोलतात, ती वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. एकीने तोंडावर म्हटलं, तुझ्यामुळे वेळ जातो. बाथरूममध्ये जाऊन रडली. "पन आता एक आजोबा आलेत वॉर्डात, पप्पा. तुमच्यासारखंच झालंय. त्यांना बोलायला वेळ लागतो, कोनाकडे तेवढा वेळ न्हाय. मी बसते. त्यांना शब्द सापडंत न्हाय, मला समजंत न्हाय. आमचा दोघांचा स्पीड सेम हाय. काल मी विचारलं, कुठे दुखतंय. त्यांनी पाच मिन्टांनी सांगितलं. तीन दिवस कोनाला कळलं नव्हतं, ते मला सांगितलं."

डॉमनिक स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "नाव… काय?"

"नाव सांगायचं नसतं पप्पा, पेशंटचं. फक्त तुम्हाला सांगते. कार्ल."

"कार्ल?" डॉमनिकचा चेहरा उजळला. "आपल्या… गल्लीत… पन… हाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला ओढून घेतलं. पुढची जर्मन पानं आणि मागची मराठी पानं जिथे भेटतात, तिथे एकच ओळ कोरी उरली होती. त्यांनी पेन उचललं.

वाचकहो, मला एवढंच सांगायचं होतं. तुमच्यासमोर कुणी शब्द शोधत असेल, मग तो म्हातारा असो, परका असो, नवशिका असो, तर त्याच्या तोंडात आपला शब्द कोंबू नका. त्याला शोधू द्या.

डॉमनिकना ते नाव लिहायला बराच वेळ लागला. सबीना शेजारी येऊन बसली, बाजारात जायला उशीर होत होता तरी. 'का' झाला, 'ल' झाला. रफार कुठे द्यायचा ते आठवेना. त्यांनी पेन उचललं, विचार केला, आणि 'ल'च्या डोक्यावर तो अलगद ठेवला. मग मान मागे नेऊन पाहिलं आणि ते अनोळखी माणसाचं नाव मोठ्याने वाचलं.