पहिल्या वर्षाचे आकडे

मोजणीबाईंनी उभं आयुष्य वेधशाळेत एका दूरच्या ग्रहाचे चंद्र मोजण्यात घालवलं. काचेवर उतरलेल्या फोटोत चंद्र म्हणजे नुसते ठिपके. भिंगाखाली एकेक गाठून त्याची जागा लिहायची. प्रत्येक काच दोघांनी मोजायची आणि एकाचे आकडे दुसऱ्याने बघायचे नाहीत, हा तिथला नियम. दुसरे मोजणारे म्हणजे त्यांचे यजमान. सुरुवातीला यजमान कुठले, नुसते वरिष्ठ होते, आणि शिस्तीचे असे की शिपाईसुद्धा पाय न वाजवता चालायचा. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

नणंदेची मुलगी हल्ली त्याच वेधशाळेत होती. चंद्र एकमेकांना किती ओढतात, त्यावरून ती त्यांची वजनं काढायची. त्या दुपारी ती जुन्या वह्या घेऊन आली ती तोंड पाडूनच.

"मामी, तुमचं पहिलं वर्ष टाकून द्यावं लागणार. तुम्ही नेहमी केसभर उजवीकडे मोजता, मामा केसभर डावीकडे. ज्याची त्याची सवय वजा केली की दोघांचं छान जुळतं. पण त्या वर्षी सगळं उलटंच! आणि धाकट्या चंद्राचं वजन नेमकं त्याच वर्षावर अडलंय."

मोजणीबाईंनी आपली वही पुढे ओढली.

"माझंच पाप गं ते. नवखी होते. मामा जागेवरून उठले की त्यांची कच्ची चिठ्ठी बघायची आणि संध्याकाळी वहीत माझ्याऐवजी त्यांचे आकडे उतरवायची. म्हटलं, चुकत असेन तर मीच. लग्न ठरलं आणि लाजेने सोडून दिलं. माझी वही टाक, त्यांची नको टाकूस. त्यांनी जीव ओतलाय त्यात."

भाचीने दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. "पण मग दोन्हीकडे एकच आकडा हवा ना? मामांच्या वहीत वेगळाच आहे. तुमच्यासारखा, केसभर उजवीकडे."

मोजणीबाई यजमानांच्या टपोऱ्या अक्षराकडे बघत राहिल्या. रोज बाराच्या ठोक्याला ते म्हणायचे, "बाई, तुम्ही आधी जेवून या." किती सभ्य माणूस, असं वाटून त्या आपली चिठ्ठी टेबलावरच ठेवून जायच्या.

"अगं, ह्यांनी माझे लिहिलेत!"

भाची ताडकन उठली. "म्हणजे नुसती अदलाबदल! वर्ष वाचलं, मामी!"

"नियम दोघांनीही मोडला, असं लिही. त्यांचंही नाव घाल," मोजणीबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं मी एकटीच स्वतःला चोर समजत आले." आणि ह्यांच्या वहीवर हात ठेवून त्या पोटभर रडल्या.