साक्षगंधाचा फोटो

इंदरलालने टीव्हीचा आवाज बंद केला आणि मोबाइल कानाशी घट्ट धरला. ब्रुसेल्सहून त्याचा मुलगा भुवनेश्वर बोलत होता.

"बाबा, नेटवरचा आपला फोटो काढाले लावाचा कायदा करून राहिले इकडं. तिघं बसले आहेत खोलीत. लोकाईनं निवडलेली संसद, देशोदेशीची सरकारं अन् मसुदा मांडणारा आयोग. एकेका शब्दावर अडून राहिले."

"म्हंजे पोरीकडचे, पोराकडचे अन् मध्यस्थ. त्याईले म्हन, तोड निघेपर्यंत चहा देऊ नोका."

इंदरलालची रीतच ती. सौंदडच्या आसपास त्याने कितीतरी लग्नं जुळवली, पण बोलणी पक्की होईतो बैठकीत चहा येऊ दिला नाही. चहा झाला की माणसं चपला शोधतात. स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. मुलीचं, रिंकीचं साक्षगंध, म्हणजे झालेला साखरपुडा मोडला, पण त्याचा फोटो एका अमेरिकन साइटवर नावासकट तसाच राहिला. टाकणारा फोटोवाला दुकान बंद करून गेला होता. पाहुणे यायचे, पोहे खायचे, घरी जाऊन मोबाइलवर रिंकीचं नाव शोधायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत.

डिसेंबरात तिकडे तोड निघाली. भुवनेश्वर आनंदाने ओरडलाच. अंमल मात्र अडीच वर्षांनी होता. तेवढ्या काळात आणखी दोन स्थळं आली आणि गेली.

कायदा लागू झाला त्या मे महिन्यात भुवनेश्वर पुन्हा बोलला. "कायदा इकडं राहनाऱ्याईचा आहे, बाबा. रिंकीचा अर्ज चालत नाही. पन फोटोत मी बी आहो ना? माह्या नावानं टाकला."

"टाक बापा. कसाबी जाऊ दे."

जूनमध्ये सकाळीच त्याचा फोन आला. "काढला त्याईनं! कंपनीचा मेल आला. पाहा!"

रिंकीने आपल्या मोबाइलवर पाहिलं आणि तो वडिलांपुढे धरला. फोटो होता तिथेच होता. कंपनीने कडेचा भुवनेश्वर तेवढा कापून टाकला होता. तिघांची आता दोघंच उरली होती, रिंकी आणि तो मुलगा. भावाने तिच्या खांद्यावर ठेवलेल्या हाताची बोटं तेवढी राहून गेली होती. आता कोणीही पाहिलं असतं तर त्या मुलानेच तिला जवळ घेतलंय असं म्हटलं असतं.

इंदरलालने ते सांगायला तोंड उघडलं. रिंकीने नाही अशी मान हलवली. दादाला सांगू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"गेला ना, बाबा?" फोनवरून भुवनेश्वर विचारत होता.

"गेला," इंदरलाल म्हणाला.

त्याने फोन ठेवला. मग रिंकीकडे न पाहता म्हणाला,

"चहा मांड, माय."